पालथं जातं

रकाना १. मोहिमेचा हेतू

डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या जंगलात पूर्वी माणूस राहत होता काय, हे शोधायचं! पुरावा मिळाला तर केरबाचा धनगरवाडा जागेवर राहील. नाही मिळाला, तर 'अस्पर्शित जंगल' असा शिक्का बसेल आणि दिवाळीआधी वाडा उठेल.

१९७४चा भाद्रपद. शाहूवाडीच्या डोंगरात तिघं निघाले: केरबा, कोल्हापूरहून आलेले मोजणीदार नृसिंहराव आणि केरबाची सत्तरीतली आत्या बयाबाई. गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, जुनी वस्ती ओस पडली तेव्हा ती सात वर्षांची होती. वाट ठाऊक असलेलं तेवढंच माणूस उरलं होतं.

रकाना २. अडथळे

धुकं. जळवा. निसरडा कातळ. ओढ्यात नृसिंहरावांचा पाय सुटला! केरबानं कॉलर धरून त्यांना वर ओढलं.

"पावणं, पोटात भात हाय का नुसती कागदंच?" बयाबाई पुढं निघालीसुद्धा.

दाट झाडीत तिनं एका हिरड्यावर हात ठेवला. डोक्याएवढ्या उंचीवर खोडाला जुनी गाठ होती आणि तिथून फांद्या पंजासारख्या फुटल्या होत्या.

"माझ्या बानं तोडल्यात ह्या. राबासाठी. डहाळं घ्यायचं, जाळायचं, त्या राखंवर नाचणी. पर खोडाला कोयता लावायचा न्हाय."

पुढं अशी झाडं शेकड्यानं. मग झाडी अचानक संपली. नाचणीच्या जागी गुडघाभर गवत, आणि गवतात...

गवा!

"झाडामागं!" केरबा ओरडला. चिखल उडाला. शिंग खोडावर आपटलं. साल सोलली गेली. तिघं हिरड्याला चिकटून उभे. गवा फुरफुरला, वळला आणि केरबाच्या आज्याच्या शेतात निवांत चरत चरत दूर गेला.

रकाना ३. पुरावा

शेताच्या कडेला जोत्याचे दगड. त्यांच्यात जात्याचा एक दगड, पालथा.

"घावलं!" केरबानं उडीच मारली.

"परत यायचं असलं की जातं पालथं घालायचं," बयाबाई म्हणाली. "न्हाय यायचं, तर उताणं. आईनं माझ्यादेखत पालथं घातलंय. पर परतायच्या आदीच जंगल राखीव झालं."

नृसिंहरावांनी वही उघडली. पेन थांबलं.

"लिवा की सायेब!"

"केरबा, हे लिहिलं तर वर म्हणतील, माणसं होती म्हणजे जंगल ह्यांनीच तोडलं. झाडांवर खुणा आहेतच. पलीकडच्या डोंगरावरची वस्ती अशीच उठवली. माझ्याच कागदावर."

"आन न्हाय लिवलं तर?"

"तर तुम्ही इथं कधी नव्हताच."

"म्हंजे होतो म्हणलं तरी उठा, नव्हतो म्हणलं तरी उठा!"

नृसिंहरावांनी वही मिटायला घेतली.

"लिवा, पावणं," बयाबाई म्हणाली. "उठायचंच हाय, तर नसल्यागत कशाला उठायचं?"

त्यांनी लिहिलं.

रकाना ४. शिफारस

(कार्यालयात भरण्यासाठी. इथं काही लिहू नये.)

बयाबाई जात्यापाशी बसली. "केरबा, हात लाव."

केरबा हलला नाही.

"हात लाव म्हणते न्हवं!"

दोघांनी जोर लावला. साठ वर्षं मातीत रुतलेला दगड सुटला आणि उताणा पडला.