वज्री

धूळ ओढायच्या हूव्हरच्या पिशव्या संपल्या म्हणून शशिधर इल्फर्ड लेनवरच्या दुकानात गेले. नोव्हेंबरची दुपार होती आणि आताच दिवे लागले होते. दुकानदार ओळखीचा. गेल्याच आठवड्यात नेल्यात की पिशव्या, काका, घर बांधताय की पाडताय, असं त्याने विचारलं. शशिधर हसले नाहीत. पिशव्या कोटाच्या खिशात कोंबल्या आणि पावसातून घरी आले.

घर दोन मजली. वर मागच्या बाजूला ईशानीची खोली. पिशव्या भरत होत्या त्या तिथल्या राखेने.

राख करडी होती, पिठासारखी बारीक. बोटांत चोळली की काचेच्या भुग्यासारखी कचकचायची. रोज सकाळी टेबलावर, खिडकीपाशी, उशीवर तिचा थर असायचा. शशिधर रोज ती हूव्हरने ओढून घेत आणि पिशवी भरली की मागच्या दारी कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत. सुप्रभाला दमा होता. तिला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. शेजारी लॉफ्टचं काम चालू आहे, त्याची धूळ, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. शेजाऱ्यांचं काम उन्हाळ्यातच संपलं होतं.

ईशानी त्यांची धाकटी. ब्रिस्टलला शिकली आणि ज्वालामुखीचा अभ्यास करायला कॅरिबियनमधल्या एका बेटावर जाऊन राहिली. रविवारी रात्री फोन करायची. सुप्रभा फोन स्पीकरवर ठेवायची. शशिधर डॅगनहॅमच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, त्यांना फोनवर बोलता यायचं नाही. ते भाजी निवडत बसायचे आणि ऐकत नसल्यासारखं सगळं ऐकायचे. ते बेट त्यांनी कधी पाहिलं नाही, पण त्याचा कोपरान् कोपरा त्यांना ठाऊक होता. काळी वाळू, दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही इतकी तापलेली. डोंगरावर माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे, त्यांच्यावरून ढगाचं पाणी दिवसभर ठिबकतं. एक ओढा थंडगार, आणि त्याला लागूनच दुसरा, त्यात अंडं उकडावं. माथ्यावर हिरवं तळं, त्याच्या काठाला गवताची काडी नाही. अंधार पडला की नखाएवढे बेडूक शीळ घालतात. फोनवर तिच्यामागे ती शीळ नेहमी ऐकू यायची. डोंगर उठणार असला की बेडूक आधी गप्प होतात, असं तिथली माणसं म्हणतात, हेही तिनेच सांगितलं होतं.

एकदा येताना तिने तिथला एक दगड आणला. करडा, भोकाभोकांचा. आईला टाचा घासायला वज्री, म्हणाली. घरात बाथटब असूनही सुप्रभा बादलीतूनच अंघोळ करायची. त्या बादलीत दगड टाकून ईशानीने हाका मारल्या, "बाबा, हा दगड तरंगतो! बघा तरी येऊन!" शशिधर पेपरामागूनच म्हणाले, दगड बुडतो, मला शिकवू नकोस. ती हसली. ते उठले नाहीत.

शेवटच्या रविवारी फोनवर तिच्यामागे काहीच आवाज नव्हता.

मार्चमध्ये डोंगर फुटला. उतारावर तिची जीप सापडली. ती सापडली नाही.

गुरुजींनी सुप्रभाला मार्ग सांगितला होता. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा देह करतात, त्याला अग्नी देतात, की माणूस मोकळं होतं. पानं भारतातून मागवता येतात. शशिधरांनी नाही म्हणून सांगितलं. मग गेल्या रविवारी मोठा मुलगा अंशुमन केंब्रिजहून त्यासाठीच आला. जेवताना त्याने विषय काढला.

"बाबा, आई रात्रभर झोपत नाही. गुरुजीला येस सांगा ना."

"कशासाठी?"

"ईशूसाठी."

"ती मेली नाही. सापडली नाही."

"बाबा, इतके मंथ्स झाले..."

सुप्रभा भात वाढत होती. तिने मान वर केली नाही. "अहो, किती दिवस तिला उंबऱ्यात उभी ठेवणार? ना आत, ना बाहेर."

शशिधर ताटावरून उठले होते.

पिशव्या आणल्या त्या दुपारी हूव्हरला नवी पिशवी लावून ते वर गेले. सुप्रभा देवळात गेली होती. जिन्यातच त्यांना ऊब लागली. त्या खोलीचा रेडिएटर कधीचा बंद होता. दार उघडलं तर ओल्या पाल्याचा वास आला, आणि त्याच्या आडून नासक्या अंड्यांचा. भिंतींना घाम फुटला होता. राख पडत होती. पडताना त्यांनी ती आज पहिल्यांदा पाहिली. छतातून नाही, खिडकीतून नाही. खोलीच्या मधल्या हवेतूनच ती उतरत होती, सावकाश, आवाज न करता.

कपाटामागे एक बारीक शीळ झाली. मग पलंगाखाली दुसरी.

"ईशू..."

शीळ चालूच राहिली. हूव्हरच्या बटणाकडे त्यांनी हात नेला आणि हातावर राख पडली. ती गरम होती. वाईच्या घाटावर वडिलांच्या अस्थी वेचायला ते गेले होते, तेव्हा तिसऱ्या दिवशीही राख अशीच गरम होती. बोटांना ती ओळख पटली. डोक्याला पटायला जरा वेळ लागला. इतके दिवस आपण काय ओढून घेत होतो, आणि कुठे टाकत होतो.

ते खाली धावले. मागच्या डब्याचं झाकण उघडलं. कौन्सिलची गाडी सकाळीच येऊन गेली होती. तळाशी चिमूटभर उरली होती, पावसाने भिजलेली. पंचाहत्तरीचा तो माणूस डब्यात कंबरेपर्यंत वाकून ती नखांनी खरवडत असताना सुप्रभा देवळातून आली.

ती सरळ आत गेली आणि देवघरातला तांब्याचा गडू घेऊन आली.

"मला वास येत होता," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगताय, वाट बघत होते."

शशिधरांनी चिमूट गडूत सोडली. "गुरुजींना कळव. पानं नकोत. राख आहे."

आठवडाभर ते खोलीतली राख हाताने गोळा करत राहिले. हूव्हर पुन्हा बाहेर काढला नाही. रविवारी अंशुमनने दोघांना गाडीतून साउथएंडला नेलं. ओहोटी लागली होती. शशिधर गुडघाभर थंड पाण्यात गेले आणि गडू रिकामा केला. राख घटकाभर पाण्यावर राहिली, मग विरली. सुप्रभाने कोटाच्या खिशातून वज्री काढली. तिचीच आहे, तिच्याबरोबर जाऊ दे, म्हणाली, आणि पाण्यात सोडली. मागे वळून बघायचं नसतं. शशिधर पाठ फिरवून चालू लागले.

"बाबा," मागून अंशुमन म्हणाला, "ते फ्लोट होतंय."

ते वळले नाहीत.

घरी आल्यावर ते आधी वर गेले. खोली गार पडली होती. टेबल स्वच्छ होतं. सुप्रभाने दारातूनच पाहिलं, डोळे पुसले, सुटली म्हणाली, आणि खाली जाऊन पडल्या पडल्या झोपली. मार्चनंतर ती दिवसाउजेडी अशी कधी झोपली नव्हती. अंशुमन केंब्रिजला निघून गेला. शशिधर पाय धुवायला बाथरूममध्ये गेले.

सुप्रभाची बादली काठोकाठ भरलेली होती. नळ बंद होता. बादलीत वज्री तरंगत होती, स्वतःभोवती हळूहळू फिरत. घरभर शीळ वाजत होती. जिन्यात, भिंतीत, पायाखाली.

शशिधर खूप वेळ बघत राहिले.

"बघितलं," ते शेवटी म्हणाले. "तरंगतो गं... खरं आहे तुझं."

सगळीकडची शीळ एकदम थांबली. वज्री एका अंगाला कलली आणि सरळ खाली गेली.

ते गुडघ्यांवर बसले. बाही वर न करताच हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं, खाली कढत होत गेलं. कोपर बुडालं. खांदा बुडाला. गाल पाण्याला टेकला. बोटं फाकवून ते चाचपत राहिले.

बादलीला तळ लागला नाही.