स्पंजातले कामगार

बाबांची टाकी हॉलमध्ये होती. चार फूट लांब, सोफ्याच्या बरोबर समोर, जिथे इतरांच्या घरी टीव्ही असतो तिथे. टीव्ही आतल्या खोलीत कपाटाला चिकटून कसाबसा उभा होता, आणि आईचं म्हणणं असं की या घरात माणसांपेक्षा माशांची बडदास्त जास्त. बाबा त्यावर नुसते हसायचे आणि बादली उचलायचे. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी त्या पाण्यात घातली होती.

बाबा गेल्यावर धाकटीने दोन महिन्यांची रजा काढली आणि ती आईकडे राहायला आली. सलाइनच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात ती गुणवत्ता तपासायची. तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर संशय घेणं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून त्यावर विश्वास न ठेवणं. घरातल्या दुःखात हात कुठून घालावा हे तिला कळेना, म्हणून तिने तो टाकीत घातला.

टाकीखालच्या कपाटात बाबांची वही होती. पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात यादी. दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलणे. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवणे, क्लोरीन उडू देणे. पिवळी पानं देठापासून काढणे, ती सडू देऊ नयेत. दिवे आठ तास, वर एक मिनिट नाही, नाहीतर शेवाळ. महिन्यातून एकदा फिल्टरचा स्पंज धुणे.

पुढे पानंच्या पानं तारखा आणि आकडे. अमोनिया, पीएच, तापमान. शेवटची नोंद इस्पितळात नेलं त्या सकाळची होती. त्याही सकाळी, धाप लागलेली असताना, त्यांनी पाणी तपासलं होतं.

धाकटीने पुढच्या ओळीपासून सुरुवात केली. रविवारी पाणी बदललं. निळ्या पट्ट्याच्या बारक्या माशांना मोजून खाणं घातलं. मग फिल्टर उघडला. स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. तिने नाक मुरडलं, तो नळाखाली धरला आणि पिळून पिळून पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला. कारखान्यात कुणी त्याकडे बोट दाखवू शकलं नसतं.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवेसाठी धडपडू लागले. पाणी गढूळ झालं. रुंद पानांची झाडं कडेने पारदर्शक होऊन विरघळायला लागली. तिने मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"ताई, स्पंज नळाखाली धुतलात?"

"हो. अगदी पांढरा होईपर्यंत."

"मग झालं कल्याण!" दुकानदार म्हणाला. "अहो, त्या घाणीतच तर सगळे जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. माशांची घाण तेच खाऊन टाकतात. नळाच्या क्लोरीनने मेले ना बिचारे."

"मग आता?"

"नवे जमायला महिना जाईल. रोज पाणी बदलत राहा. मासे टिकले तर तुमचं नशीब."

फोन ठेवला तेव्हा आई मागे उभी होती.

"त्यांचे कामगार होते त्यात," आई म्हणाली. "रोज जेवताना त्यांचीच कौतुकं. मी म्हणायचे, मग त्यांना पगार काय देता? तर म्हणायचे, घरचे आहेत, घरच्यांना कसला पगार."

"मला माहीत नव्हतं गं आई. वहीत कुठे लिहिलंय?"

"स्वतःला माहीत असलेलं कोण लिहून ठेवतं?"

त्या दुपारी पहिला मासा उलटा होऊन तरंगला. बाबा गेले तेव्हाही आई सगळ्यांसमोर रडली नव्हती. आता ती सोफ्यावर बसून त्या बोटभर माशाकडे बघत हमसून हमसून रडली. "एवढं एकच त्यांच्या हातचं हलतंबोलतं उरलं होतं," ती म्हणाली. "एवढं तरी ठेवायचं होतंस."

धाकटीने तीन दिवस बादल्या वाहिल्या. अमोनिया उतरेना. सात मासे गेले. सातव्याला स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकून ती परतली, तर आईने खुर्ची टाकीला लावली होती, झाकण बाजूला केलं होतं आणि बाही वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता.

"आई, काय करतेस?"

"काही नाही. हात धरून बसलेय."

"कुणाचा?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनेच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया शून्य आला. धाकटीने तपासायची काचनळी विसळून पुन्हा तपासलं. शून्य. दुकानातून नवी तपासणीची पेटी आणली, बाटलीवरची मुदत वाचली. शून्य. मासे तळाशी शांत फिरत होते. पाणी इतकं नितळ होतं, की पलीकडच्या भिंतीवरचा खिळाही दिसत होता.

"बघ," आई म्हणाली, आणि बाही वर सारून बसली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी जेवण झालं, की आई तासभर टाकीशी बसायची. झाडं अशी तरारली, की धाकटीला दर दोन दिवसांनी कात्री लावावी लागे. नव्या पानांच्या शिरा लालसर होत्या. पाण्यावर तरंगणाऱ्या झाडांनी दोऱ्यासारखी पांढरी मुळं खाली सोडली होती आणि ती सगळी एका बाजूला, आईच्या खुर्चीच्या बाजूला झुकलेली होती. प्रवाह उलट दिशेने होता. धाकटीने फिल्टरचं तोंड फिरवून पाहिलं. मुळं होती तशीच राहिली.

तिने वहीत आकडे लिहायचं सोडलं नाही. तापमान एकतीस. हीटर बिघडला असेल म्हणून तिने त्याची वायर काढून ठेवली. तेहतीस. पस्तीस. एवढ्या उष्ण पाण्यात त्या माशांनी केव्हाच माना टाकायला हव्या होत्या. ते जोड्याजोड्यांनी फिरत होते. सदतीसवर पारा थांबला आणि मग हलला नाही. पीएच सात पूर्णांक चारवर येऊन बसला. त्या दिवशी ती कारखान्यात गेली, क्षार मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं आणि थेंबभर पाणी त्यावर ठेवलं.

शून्य पूर्णांक नऊ टक्के.

ती यंत्राकडे बघत राहिली. तिने टाकीत मीठ घातलं नव्हतं. एवढ्या मिठात ती झाडं कुजायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला झाडांची आठवणच झाली नाही. सलाइनचा हा आकडा ती गेली चौदा वर्षं रोज लिहीत होती. कुठल्या तळ्याचे, नदीचे हे आकडे नव्हते. माणसाच्या आत जे पाणी असतं, त्याचे होते.

तिने दोन तृतीयांश पाणी काढून टाकलं आणि आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं पाणी घातलं. चहा प्यायला तेवढाच वेळ मध्ये गेला. परत मोजलं. सदतीस. सात पूर्णांक चार. शून्य पूर्णांक नऊ.

आई त्या दिवशी मोरीतून येताना भिंतीला धरून चालली.

"पाय गार पडलेत गं," ती म्हणाली. धाकटीने हात लावला. पाय नुसते गार नव्हते, फरशीसारखे होते. थर्मामीटर लावला तर पस्तीस पूर्णांक चार. घरी बोलावलेल्या डॉक्टरांनी दोन थर्मामीटर बदलले.

"काकू, जेवण जातंय ना?"

"चांगली चापून जेवते," आई म्हणाली. "हिला विचारा."

"अंगात रक्त कमी दिसतंय. वयही आहे. ऊब द्या, दुधातून काहीतरी द्या." दारात मात्र डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पारा आणखी खाली गेला तर इस्पितळात हलवायचं. वाट बघत बसू नका."

धाकटीने हॉलच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. दुपारचे तीन वाजले आणि आई दाराशी येऊन जमिनीवर बसली. कपाळ दाराला टेकवून.

"उघड गं. जीव गुदमरतोय तिथे."

"माशांचं मी बघते, आई."

"माशांचं कोण बोलतंय?"

बाबांचा इस्पितळातला शेवटचा दिवस धाकटीने तेव्हापासून मनाच्या तळाशी दडपून ठेवला होता. त्यांना हवा पुरत नव्हती. ते काही बोलत नव्हते. फक्त पांघरुणावर त्यांचा हात काहीतरी चाचपत होता. आई औषधांच्या रांगेत होती. धाकटीला तो हात बघवेना, म्हणून ती चहा आणायला खाली गेली. सात मिनिटं. परत आली तेव्हा हात थांबला होता.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

संध्याकाळी आईचा पारा पस्तीसच्या खाली उतरला. धाकटीने तिला तीन पांघरुणं घातली, गरम पाण्याची पिशवी दिली, आणि मनाशी ठरवलं. टाकी रिकामी करायची. आई वर्षभर बोलणार नाही, पण असेल तरी. तिने कुलूप उघडलं, दिवा लावला. उरलेले मासे वर तोंडं काढून धडपडत होते. तिने रबरी नळी घेतली, एक टोक बादलीत सोडलं आणि दुसरं तळाशी बसवायला हात पाण्यात घातला.

पाणी उबदार होतं.

मुळं तिच्या मनगटाला लागली. मग बोटांना. ती वाट चुकल्यासारखी चाचपत होती, आणि मग चाचपायची थांबली.

धाकटीने नळी सोडून दिली.

ती किती वेळ तशी उभी होती हे तिला सांगता आलं नसतं. भानावर आली तेव्हा मासे तळाशी गेले होते आणि तिचे दात वाजत होते. आतल्या खोलीत आई पांघरूण फेकून उठून बसली होती. गालांवर किंचित रंग होता.

"मिळाला ना हात?" आईने विचारलं.

धाकटीने थर्मामीटर झटकला आणि आधी आईला लावला, मग स्वतःला. आईचा पारा सहा दशांशांनी चढला होता. तिचा स्वतःचा तेवढाच उतरला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वार वाटून घेतले. एक दिवस आई, एक दिवस धाकटी. तिने वहीत दोन नवे रकाने आखले. आईचा पारा पस्तीस पूर्णांक सहापर्यंत आला आणि तिथे अडकला. तिचा स्वतःचा पस्तीस पूर्णांक आठवर. दोघींच्या आकड्यांची तिने बेरीज केली, वजाबाकी केली. दोघींवर भार जास्त होता, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. आणि आई आता सत्तरीला टेकली होती.

रविवारी सकाळी दादा आला. बाबा गेल्यापासून तो टाकी विकून टाका म्हणत होता, आणि आता तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. खाली टेम्पो उभा होता. वहिनी आणि तीन वर्षांची छोटी टेम्पोतच थांबल्या होत्या, कारण दादाच्या मते हे काम दहा मिनिटांचं होतं.

"काय गं हे," आईच्या पाया पडून उठताना तो म्हणाला, "बर्फात ठेवली होतीस का हिला? आणि तुझं तोंड का असं पांढरंफटक? दोघी मिळून डाएट करताय की काय?"

"टाकी राहू दे, दादा."

"पुन्हा तेच. एक तर त्या फिल्टरचा आवाज, वर आई दिवसभर त्याच्यासमोर बसून. मन कसं निघणार तिचं? बाबा आता नाहीत, हे मान्य करा जरा." त्याचा आवाज तेवढ्यापुरता फाटला. मग त्याने बाह्या वर केल्या. "बादल्या आण. आधी हा हीटर काढतो."

"त्याची वायर कधीच काढलीय."

"मग पाणी गरम कसं?" दादा म्हणाला. त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला होता.

त्याने तो बाहेर काढला नाही.

आई सोफ्यावर टेकली आणि पदर सावरून शांत बसली. धाकटी दादाचा चेहरा बघत होती. लहानपणी पडून गुडघे फुटले, की रडायच्या आधी त्याचा खालचा ओठ असाच व्हायचा.

त्याच्या खिशातला फोन वाजला. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. धाकटीने तो अलगद काढला. वहिनी होती.

"अगं, किती वेळ? ही कंटाळून रडायला लागलीय."

"त्याला वेळ लागेल जरा," धाकटी म्हणाली. तिने वहीवर नजर टाकली. तिघं झाले. वहिनी धरली तर चौघं. चौघांत वाटलं तर आईला आठवड्यातून दोनदाच बसावं लागेल. पारा छत्तीसवर येईल. "टेम्पो परत पाठव, वहिनी. वर या ना तुम्ही. खाली गार वाऱ्यात कशाला थांबताय?"

"आणि छोटी?"

"तिलाही आण की," धाकटी म्हणाली. तिचाच आवाज, रोजचाच, प्रेमळ. "मासे बघेल."

तिने फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन तिथलं लाकडी स्टूल आणलं, दादाच्या शेजारी, टाकीला लावून ठेवलं, आणि एक पाऊल मागे सरकून त्या स्टुलाची उंची नजरेने मोजली.