तीन मोजून दुसरं बटण

उज्वला गेल्याचा फोन नांदेडच्या दवाखान्यातून आला, तेव्हा आदिनाथ लातूरच्या दुकानात एका ऑर्केस्ट्रावाल्याचा कीबोर्ड उघडून बसला होता. तिच्या उशापासून एका दिवसापुरताच आला होता तो. त्यानं आधी कीबोर्डचे सगळे स्क्रू परत बसवले, मग शटर ओढलं.

याच टेबलावर पाच वर्षांपूर्वी तिनं आपला सिंथेसायझर ठेवला होता. नांदेडहून एसटीत, मांडीवर घेऊन आली होती. लाकडी पेटीत बारा मॉड्यूल, आवाज घडवणारी छोटी यंत्रं, तिनं स्वतः बसवलेली. बटण दाबलं की दिवे लुकलुकायचे, विझायचे, पुन्हा लुकलुकायचे. वीज पुरवणारा सप्लाय दोनदा बदलून झाला होता.

आदिनाथनं सगळ्या वायरी काढल्या आणि एकेक मॉड्यूल जोडत गेला. सातापर्यंत ठीक. आठवं लावलं की लुकलुक. ते काढून दुसरं लावलं तरी तेच. म्हणजे बिघाड कशातच नव्हता. चालू होताना सगळी मॉड्यूल एकदम वीज ओढत होती आणि सप्लाय दम टाकत होता.

तिला मात्र तो म्हणाला, एकेक तपासावं लागेल, पुढच्या रविवारी पेटी घेऊन परत या.

ती आली. त्याच्या पुढच्याही रविवारी आली, भाजलेल्या शेंगा घेऊन. पाचव्या रविवारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "खरं सांगा, यात बिघाड हाय का?"

त्याचे कान तापले. "न्हाई… पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मला दुसऱ्या रविवारी. घरी निम्मे काढून बघितले."

"मग येत का होता?"

"तुम्ही तपासून राहिले होते ना," ती शेंग सोलत म्हणाली. "म्हटलं, तपासू द्यावं…"

त्या दिवशी त्यानं सहा-सहा मॉड्यूलना वेगळं बटण दिलं. पहिलं तिनं दाबलं. तीन मोजून दुसरं त्यानं. नळाला पाणी यायच्या आधी पाइपात घुमतं तसा आवाज उठला, आणि ती हसली.

लग्नानंतरही तसंच चाललं. दुसरं बटण आपोआप लागेल असं सर्किट बसवतो म्हटलं, की ती म्हणायची, "मग तुमचं काय काम?"

दवाखान्यात जाताना मात्र म्हणाली, "आता बसवा ते. मी घरी आले की ऐकू."

सर्किट तयार आहे. पेटीत जोडायला चार ठिकाणी सोल्डरिंग करायचं अजून राहिलं आहे.