पांढऱ्या झेंडीची माती

"ओ बाई, थांबा! जागच्या हलू नका!"

डोक्यावर कोळंबीची पाटी, पायांत काही नाही, आणि समोरून एक माणूस हात हलवत धावत येतोय... मी थांबले. तुर्भ्याचा तो केमिकलचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. कंपाउंडची भिंत पडलेली. वस्तीत मासळी विकायला जायला तीच जवळची वाट, आम्ही सारसोळे गावच्या सगळ्या कोळणी तिथूनच जायचो. श्रावण सरत आला होता, जागोजाग डबकी. आणि डबक्यांतलं पाणी पिवळं. हळद कालवल्यासारखं पिवळं. खोटं कशाला सांगू, मला ते सुंदर वाटलं होतं.

"पाण्यात पाय घातला?" त्याला धाप लागली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खिशाला दोन पेनं, काखेत झेंड्यांची मोळी.

"वाटंत पानी हाय तं पाय जानारच. तुमच्या बापाचं हाय का पानी?"

"बापाचं असतं तर परवडलं असतं. सरकारचं आहे. या, या फळीवर उभ्या राहा."

त्यानं आपली पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली आणि खाली बसून माझ्या पायांवर ओतली. सगळी. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

"परक्या बाईचं पाय धुताव... लाज नाय वाटत?"

"भीती वाटते," तो म्हणाला.

हसला नाही. पाटी घेऊन फिरणाऱ्या वीस वर्षांच्या पोरीकडे पुरुष कसे बघतात ते मला पाठ होतं. हा माझ्या पायांकडे बघत होता, आणि खरंच घाबरला होता. तिथंच मी फसले.

त्याचं नाव नंदकिशोर. चिपळूणकडचा, सरकारी सुपरवायझर, वाशीत एका खोलीत राहायचा. दुसऱ्या दिवसापासून तो गेटाबाहेर उभा राहून माझ्याकडून कोळंबी घ्यायला लागला. रोज.

"येकटा मानूस, येवढी कोलंबी खातो कोन?"

"शेजारच्या मालतीबाई. त्यांना वाटतं मी त्यांच्यावर भाळलोय."

"किती वयाची हाय?"

"साठ असेल."

"मंग जमंल तुमचं. इचारून टाका."

"विचारलं असतं... पण मन दुसरीकडं आहे." आणि तोंड फिरवून उगाच झेंड्या मोजायला लागला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

गेटाशी उभा राहूनच त्यानं मला सगळं सांगितलं. त्या कारखान्यात चामडं कमवायला लागणारं क्रोमचं मीठ बनायचं. मालकानं नफा उचलला, गाळ मागं ठेवला आणि निघून गेला. आता त्या जमिनीवर छोट्या कारखान्यांसाठी गाळे बांधायचे होते, म्हणून सरकारनं जमीन साफ करायला अनुदान मंजूर केलं होतं. वरची तीन फूट माती विषारी, तिथं लाल झेंडी. ती उचलून लांब पक्क्या खड्ड्यात पुरायची. तीन फुटांखालची चांगली, तिच्या ढिगावर पांढरी झेंडी. ती भरावाला फुकट, मागेल त्याला. झेंड्या रोवायचं काम त्याचं.

तिथला जुना वॉचमन, धर्मराजमामा, बारा वर्षं आत कामाला होता. एकदा त्यानं माझ्या पाटीला नाक लावून हुंगलं आणि हसला. "कोळंबीचा वास यीना बघ पोरी मला. ह्या क्रोमानं नाकाच्या पडद्याला आरपार भोक पाडलंय. दुखत न्हाई हां... कवा पडलं ते बी कळलं न्हाई."

तेव्हापासून ती वाट सोडून लांबून जावंसं वाटायचं. पण गेटावर नंदकिशोर असायचा. मग मी जायचीच.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला. शहर वसवायला आमची शेतं घेतली, मिठागरं घेतली, रस्ते पुरुषभर उंच बांधले, आणि त्या रस्त्यांचं पाणी आमच्या चुलीत सोडलं. उधाणाला आई आणि मी खाटेवर पाय घेऊन बसायचो. हे मी त्याला एकदा सहज बोलून गेले.

"पुतळा," पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं, "तुझ्या घराला जोतं करून घे. माती मी देतो. पांढऱ्या झेंडीवाली."

"आनि बदल्यात?"

"बदल्यात... काही नाही. कोळंबी जरा मोठी देत जा."

दोन डंपर आले. आई, यशोदाबाई, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "लोकांची पोरं गजरं देतान, हा माती देतंय. गो, संसार टिकंल बग याचा." मी लाजले. आमचं बघून गल्लीतल्या दहा घरांनी अर्ज केला. त्यानं सगळ्यांना माती दिली, कागदांवर सह्या केल्या. अकरा घरांची जोती दोन फूट वर आली. मी भुई चोपली, सारवली. त्या रात्री अनवाणी पाय भुईवर ठेवले आणि वाटलं, नंदकिशोरच्या हातावरच ठेवलेत.

पंधरा दिवसांनी भिंतीच्या पायथ्याशी पिवळं फुललं. मिठासारखं, बारीक कणी. मी पुसलं. सकाळी पुन्हा फुललं. सारवणातून हिरवट डाग वर आले. मी दुसरा हात दिला, तिसरा दिला... डाग येतच राहिले.

मी कुणाला बोलले नाही. त्यालाही नाही. विचारलं असतं तर तो खोटारडा ठरला असता, नाहीतर मूर्ख. मला दोन्ही नको होतं. मी नुसतं पुसत राहिले. प्रेमात बाई अशी आंधळी होते म्हणतात; मी आंधळी नव्हते, मी भित्री होते.

मग आईच्या टाचेला फोड आला. फुटला, आणि मधोमध वाटाण्याएवढं भोक पडलं.

"दुखतं का गो आये?"

"नाय. गंमत हाय ना? जराबी नाय दुखत."

धर्मराजमामाही असाच हसून बोलला होता.

आणि नेमका नंदकिशोर बदलला. कोळंबी घ्यायचा, पण डोळे वर करायचा नाही. "बरं आहे ना घरी?" विचारायचा आणि उत्तराआधीच पाठ फिरवायचा. एका रविवारी भर दुपारी तो दारात आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. आईनं मला कोपरानं ढोसलं, "पोरगा मागनी घालाला आला, चाय टाक," आणि लंगडत खाट झटकायला लागली.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून भुईकडे बघत होता. ओठ पांढरे पडलेले.

"यशोदाबाई... बाहेर या. पुतळा, तूही ये. आत बसू नका."

"काय झालं?"

"पांढऱ्या ढिगाचा रिपोर्ट आलाय. तीही माती विषारी आहे. पावसानं विष खाली नेलं... कुणी तपासलंच नव्हतं. तीन फूट सांगितले, मी टेप लावून झेंड्या रोवल्या."

"कवा आला रिपोर्ट?"

त्यानं खिशातली पेनं चाचपली.

"कवा?"

"आठ दिवस झाले. साहेबांनी ड्रॉवरमध्ये टाकला. अनुदानाचा पुढचा हप्ता सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणाले. मी नाही उघडलं."

मी त्याच्या मुस्कटात दिली. हाताला झिणझिण्या आल्या.

"आट दिवस! मी समोर अनवानी उभी रहाची, तू बगत रहाचास!"

"घाबरलो. त्या कागदांवर माझ्या सह्या आहेत. नोकरी जाईल, जेलपण होईल. गावाकडं आई आहे..."

"माजीबी आईच हाय." मी आईला उंबऱ्यावर बसवलं आणि तिचा पाय त्याच्यापुढं धरला. त्यानं ते भोक पाहिलं. तिथंच, चिखलात, खाली बसला.

"लिही," मी म्हटलं.

"काय?"

"जे तोंडानं बोललास ते. कागदावर. तुजी सही खाली. साहेबाच्या खात्यात जमीन साफ झाली, पैसं मिलालं, की आमच्या घरांला कोन इचारनार? लिहिलंस तं आमची मातीबी त्याच अनुदानात उचलाय लागंल त्यांला."

"लिहिलं तर पहिला मीच जाणार, पुतळा."

"म्हाईत हाय."

चहा उकळून उतू गेल्याचा वास येत होता, आत जायची मला भीती वाटत होती. माझ्याच घरात. शेवटी त्यानं खिशातलं पेन काढलं. गुडघ्यावर कागद ठेवून दोन प्रती लिहिल्या, अकरा घरांची नावं घातली, खाली सही केली. एक प्रत ऑफिसात द्यायला ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली.

मी सातवीपर्यंत शिकलेली. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मोठ्यानं वाचलं. शेजारची दुर्गाबाई ऐकता ऐकता कोयता घेऊनच आली. "ह्योच ना माती देनारा?" चार बाप्ये त्याच्या अंगावर धावले. मी मधे शिरले.

"मारा नंतर! आधी पोरं भाईर काडा, भांडी भाईर काडा! याला मारलात तं साहेबाच्या दारात उभं रहाला साक्षीदार कोन?"

दुर्गाबाईनं कोयता खाली घेतला. नंदकिशोर पळाला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा घरांतली चूलभांडी बाहेर काढत राहिला. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी पाणीही दिलं नाही. मी दिलं. रागातच दिलं.

मंगळवारी त्याला सस्पेंड केलं. महिनाभर आम्ही बायका त्याच्या साहेबाच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलो, तोही आमच्यात बसला. तेव्हा कुठं हातमोजे घातलेली माणसं आली आणि आमची भुई पोत्यांत भरून घेऊन गेली. आईची टाच अजून भरलेली नाही. आमच्या पोटात काय गेलंय ते कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणतो, "बघू." साहेबाला बढती मिळाली.

ताडपत्रीखाली राहत होतो तेव्हाची गोष्ट. नंदकिशोर आला, बाहेरच थांबला.

"नोकरी नाही. केस चालू आहे. तरी... विचारायला आलोय. तू मला माफ केलंस का?"

"नाय."

"मग जातो."

"माफीला 'नाय' बोलले फकस्त. दुसरंबी कायतरी इचाराचं होतं ना?"

त्यानं मग लग्नाचं विचारलं, हळू, एकेक शब्द तोडत. मी म्हटलं, "हात दाखव."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी उजेडाकडं वळवून बघितले... बोटांची बेचकी, नखांची मुळं, मनगटं. एके ठिकाणी कातडी जराशी पिवळट होती, की ऊनच तसं पडलं होतं.

"आहे काही?" त्यानं विचारलं.

"म्हाईत नाय," मी म्हटलं, आणि ते हात सोडले नाहीत.