झऱ्याची पानं

पुस्तकाचा तिसरा तुकडा शेजारच्या मुलाच्या पोटावरून घसरून थेट गार्गीच्या खाटेखाली गेला, आणि दोघांपैकी कुणालाच तो उचलता येईना. दोघांच्याही डाव्या हातात सुया होत्या. रक्त नळ्यांतून यंत्रात जात होतं, धुतलं जाऊन परत येत होतं. डायलिसिसचे चार तास हात हलवायचा नाही. धरमपेठेतल्या त्या गार खोलीत गार्गी दोन वर्षं येत होती... मंगळवार, गुरुवार, शनिवार. उजवीकडच्या खाटेवरचा मुलगा आजच नवा आला होता.

"पुस्तकं कापता तुम्ही?" तिनं विचारलं.

"आठशे पानांचं आहे. एका हातानं पेलत नाही, म्हणून ब्लेडनं पाच तुकडे केले." तो ओशाळला. "राग आला काय?"

"पुस्तक चांगलं असतं तर आला असता."

तो मान वळवून तिच्याकडे बघतच राहिला. "वाचलं तुम्ही?"

"अर्धं. तो जादूगार मेलेल्या पोरीला उठवते ना, तिथंच ठेवून दिलं. मेलेलं माणूस एकदा परत आलं, की मग पुढं कोणासाठी जीव घाबरत नाही."

"मले तर तेच पान आवडलं. एखाद्या पुस्तकात तरी उठू द्या ना कोणाले."

"पण फुकटात उठवलं त्यानं! फुकटची जादू म्हणजे लबाडी."

सरिता सिस्टरनं वाकून तुकडा उचलला. "भांडून राहिले काय? दोघांचंही बीपी चढन."

तो विहंग. सावनेरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. सत्ताविसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. पुढच्या वेळेपासून तो वाचून झालेला तुकडा तिच्या उशीशी ठेवू लागला. गार्गी हुडकेश्वरच्या घरी तो वाचायची आणि दोन दिवसांनी निकाल द्यायची. निकाल बहुधा कडकच असे.

"माणसं मंगळावर राहायला गेली," ती म्हणाली, "तरी तिथंही सैपाक बाईच करते. रॉकेटले एवढं डोकं लावलं, इथं काहून नाही लावलं?"

"लिहिणाऱ्याची आई करत असन."

ती खळखळून हसली. त्या खोलीत हसू तसं दुर्मीळच. दोन वर्षांत इथल्या सहा खाटा रिकाम्या झालेल्या तिनं पाहिल्या होत्या.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला. एका दुपारी ती छताकडे बघत म्हणाली, "या पुस्तकांतले लोक किती पाणी पितात, नाही? घोड्यावरून उतरले, की झरा. लगेच ओंजळ भरली."

दोघांनाही दिवसाला एकच लिटर पाणी चालायचं... चहा त्यातच, वरणही त्यातच.

"मी ती पानं दोनदा वाचतो," तो हळूच म्हणाला.

"मी सोडून देते."

हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"रड ना वं," तो म्हणाला. "तेवढंच पाणी कमी."

"वं कोणाले म्हणता?"

"तुले."

रडता रडता तिला हसू फुटलं. मग तिनंच हट्ट केला — झऱ्याचं पान मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. कोपरापर्यंत गार पाणी, तळाचे गोटे, ओले ओठ... गार्गीनं डोळे मिटून ऐकलं.

शनिवारी विहंगला चाकाच्या खुर्चीतून आणलं. तोंड सुजलेलं, वजन चार किलो वाढलेलं, श्वास लागलेला. घरी जाऊन त्यानं माठातलं पाणी उभ्यानं प्यायलं होतं. गार्गी दोन तास नुसती त्याच्या छातीकडे बघत राहिली. वर होते आहे... खाली... पुन्हा वर...

"पुन्हा असं केलं तर मी बोलणार नाही तुझ्याशी," त्याचा श्वास जाग्यावर येताच ती म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हणजे—"

पावसाळा गेला. एका शनिवारी विहंग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझ्या श्वेतादीदीची किडनी जुळली. सोमवारी ऑपरेशन." मग, चोरी कबूल करावी तसा, "नंतर रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगून राहिले."

गार्गीला आनंद झाला आणि हेवाही वाटला. तिला किडनी द्यायला वडील नव्हते, आईला शुगर. किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत फक्त नाव होतं.

"मी येत जाईन," तो म्हणाला. "बसीन तुझ्यापाशी."

"नाही यायचं. नव्या किडनीले दवाखान्याची हवा चालत नाही. साधा ताप आला तरी दीदीचं दिलेलं जाईल."

"मग मी करू काय?"

"जग. आणखी काय."

"तुझ्याबिगर?"

गप्प राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. बोललं तर हा अडकेल. पण मंगळवारी या खाटेवर दुसरंच कुणी असणार होतं, आणि न बोलता त्याला पाठवणं तिला जमेना.

"मले तू आवडतो, विहंग. पण वचन देऊ नको. मी किती दिवसांची आहे, मलेच माहीत नाही."

"माझं तरी कुठं माहीत आहे? दीदीची किडनी दहा-बारा वर्षं चालली तर खूप. जेवढं असन तेवढं तुझ्यासोबत पायजे मले."

"आई काय म्हणन तुझी?"

"विचारलं मी. म्हणे, तुझ्या पथ्यासाठी इतके दिवस भाज्या उकळून पाणी फेकलंच ना... आता तिच्यासाठी फेकीन."

गार्गीनं मोकळा उजवा हात दोन खाटांमधून लांब केला. त्याच्या सुया लावलेल्या हाताची बोटं बर्फासारखी गार होती. तिनं ती आपल्या मुठीत घेतली.

"हलू नको," ती म्हणाली. "मशीन ओरडेल."

तो हलला नाही. यंत्रावर अजून दोन तास दहा मिनिटं दिसत होती.