डाव्या बाहीची चुणी

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी अगाथा थ्रेलबाईंच्या चित्रशाळेत नेहमीचेच काम चालले होते. लंडनवर धुके दाटले होते आणि काचेच्या छतातून उजेडाऐवजी कोळशाचा वास तेवढा झिरपत होता. क्रिमियाच्या लढाईवरील बाईंचे भव्य चित्र वसंतातल्या प्रदर्शनासाठी सिद्ध होत होते. त्याची कच्ची रेखाटने भिंतीवर टाचलेली होती : कुठे नुसती वळलेली मूठ, कुठे चिखलात रुतलेला बूट, कुठे घोड्याची फुललेली नाकपुडी. करड्या कागदावर काळ्या खडूच्या मोजक्याच रेघा. पण त्यांच्यापुढे उभे राहिले, की नकळत पाठीचा कणा ताठ होई.

बाईंचा नियम कडक होता. जे डोळ्यांसमोर नाही, ते कागदावर नाही. एखादे बटण जरी चुकले, तरी 'बाईमाणसाला लढाईतले काय कळणार' असे म्हणायला निवृत्त कर्नल टपलेलेच असत.

समोर चौथऱ्यावर जुना लाल कोट चढवून सार्जंट जोसाया पिम उभा होता. ती लढाई तो स्वतः लढला होता. आता मात्र खोकल्याने त्याची छाती पोखरली होती आणि तो वसंत पाहील, ही आशा डॉक्टरांनी सोडली होती.

"रशियन तोफांपुढं एवढा ताठ उभा नव्हतो, बाईसाहेब."

"बोलू नका. हनुवटी हलते. मानही वळवू नका."

"टोबीला माझ्या डाव्या हाताला काढा, मग गप्प बसतो."

हे मागणे रोजचेच होते. टोबी ग्रिल्स त्याच्या डाव्या अंगाला लढताना पडला होता आणि रांगेतल्या इतर मेलेल्यांबरोबर एकाच खड्ड्यात गाडला गेला होता. त्याची तसबीर नव्हती, त्याला रडणारे कुणी नव्हते. सार्जंट गेला, की टोबीचे नावही संपणार होते.

"मी पाहिलं नाही त्याला, सार्जंट. मनानं काढलेला माणूस खोटाच दिसतो."

"रांगेत आम्ही कोपराला कोपर लावून उभे असायचो. तिथं खिंडार ठेवणार तुम्ही?"

बाई पुन्हा कागदाकडे वळल्या. त्या डावी बाही रेखाटू लागल्या आणि थबकल्या; कोपराशी कापड आत दबून चुणी पडली होती.

"हात अंगाशी दाबू नका."

"दाबलेला नाही."

बाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बाही सारखी केली. कापड ओले आणि बर्फासारखे गार लागले. जागेवर परतून पाहतात, तो चुणी पुन्हा पडलेली. कुणी बाहेरून कोपर टेकवावे तशी.

नियम तो नियम. बाईंनी ती चुणी काढली. मग ती जिच्यामुळे पडली होती, ती कोपराची कड दिसली, तीही काढली. खडू थांबेना. ओल्या लोकरीचा आणि बंदुकीच्या दारूचा दर्प खोलीभर पसरला. सार्जंटचा खोकला थांबला होता.

"सार्जंट... तुम्ही तिथं... एकटेच आहात ना?"

"काढत राहा, बाईसाहेब... मान वळवू नका म्हणालात, म्हणून मी बघत नाहीये..."

दिवा लावण्याची वेळ झाली, तेव्हा कागदावर एक कोवळा, हसरा चेहरा पुरा झाला होता. सार्जंट खाली उतरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"कानाची पाळी फाटलेली होती, हे मी कधी सांगितलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "हसतोय बघा, गाढव."

मग त्याने टाचा जुळवल्या आणि त्या कागदाला सलाम केला.

सार्जंट वसंतापूर्वीच गेला. प्रदर्शनात कर्नलमंडळी काठ्या टेकत आली, बटणे तपासू लागली आणि त्या रांगेपुढे एकेकाने टोपी उतरवली. कुणाला एकही चूक सापडली नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी मूळ रेखाटन पुन्हा दिव्याजवळ धरले. कागदाच्या अगदी टोकाला टोबीची डावी बाही होती. तीही आता आत दबली होती. कुणी बाहेरून कोपर टेकवावे तशी.

ती चुणी बाईंनी काढलेली नव्हती. आणि तिच्यापलीकडे कागद संपत होता.