पितळी मण्याची चंद्रकोर

सकाळी छर्रे डावीकडे गेले. केतकीने दातओठ खात नेम दुरुस्त केला. दुपार कलली, तर तेच छर्रे उजवीकडे! तेही थोडंथोडकं नाही, सकाळच्या दुपटीने लांब.

बंदूक तीच, खांदा तोच, डोळा तोच. कालच तर याच बंदुकीने सगळे छर्रे मधोमध बसवले होते. आज काय बिनसलं?

"वारा असावा, ताई," मागून ठोकळा म्हणाला. ठोकळा म्हणजे घरातला यंत्रमानव. चौकोनी डोकं, दोन लांब हात आणि न मागता सल्ला देण्याची खोड.

"कुठाय वारा? शेवग्याचं पान तरी हलतंय का?"

"मग श्वास रोखून धरावा."

"रोखला की रे! आणखी रोखला तर मरेन मी!"

गोठ्याच्या पडवीत नाना खुर्चीवर बसून शेंगा सोलत होते. केतकीचे आजोबा. उमेदीची वर्षं त्यांनी अवकाशयानांना वाट दाखवण्यात घालवली आणि आता पन्हाळ्याच्या पायथ्याच्या या गावी ते नातीच्या नेमबाजीवर लक्ष ठेवून असत. बंदुकीचं तोंड कायम मातीच्या बांधाकडे हवं आणि नाना समोर असल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

त्या काळात सगळ्या हवेच्या बंदुकांवर शहाण्या काचा आलेल्या. काचच बघायची, काचच मोजायची, काचच कानात सांगायची, 'आता दाब.' म्हणून आंतरशालेय सामन्यांत एक वेगळा गट निघाला होता: माशी घरी बनवायची, नेम आपल्या डोळ्याने धरायचा. (माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरण्याचा दाणा.) गटात तिघी लागतात. तरन्नुम आणि सोनल निवडल्या गेल्या होत्या. निवड करणाऱ्या शिर्केबाई दिवस मावळायच्या आत येणार होत्या, आणि त्यांच्यासमोर केतकीचे पाचही छर्रे आवळ्याएवढ्या काळ्या ठिपक्यात बसले नाहीत, तर गटच होणार नव्हता. दोघी मैत्रिणी सकाळपासून दहादा विचारून गेल्या होत्या, "जमलं का गं?"

नेम धरायची केतकीची सोय साधीच. डोळ्याजवळ पत्र्याची चकती आणि तिला सुईने पाडलेलं बारीक भोक. पुढे नळीच्या टोकाला, तारेवर बसवलेला एक पितळी मणी, बैलाच्या जुन्या माळेतला. भोकातून बघायचं, मणी ठिपक्यावर आणायचा, की झालं. भोक कशाला, हे नानांनी आधीच सांगितलं होतं: बारीक भोकातून मोजकेच किरण आत शिरतात, भरकटलेले बाहेर राहतात, म्हणून जवळचा मणी आणि लांबचा ठिपका दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात.

"नाना, सांगा ना काय चुकतंय! तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मिशा हसतायत."

नानांनी शेंग फोडली आणि जात्यावरच्या चालीत गुणगुणले,

"चांद दिसे कोर कोर, बाई, कोर नाही खरी
अंधारात लपलेली त्याची अर्धी भाकरी."

"ओवी नको मला! उत्तर पाहिजे!" केतकीने पाय आपटला. "शिर्केबाई यायच्या आहेत, आणि हे भाकरी काय सांगतायत!"

"बरं बाई, रागावू नकोस. बंदूक रिकामी कर. आता भोकातून नुसती बघ. काय दिसतंय?"

"मणी. दुसरं काय दिसणार?"

"पुरता मणी?"

केतकीने डोळा लावला. मग कपाळावर आठी चढली. "डावीकडनं चमकतोय. बाकीचा... बाकीचा दिसतच नाही नीट."

"आणि ऊन कुठनं येतंय?"

"डावीकडनंच. आपलं तोंड उत्तरेला, सूर्य पश्चिमेला कललाय." ती थांबली. "सकाळी उजवीकडे होता."

नानांनी नुसती पुढची शेंग सोलायला घेतली. केतकीला त्याचाच जास्त राग आला, पण रागापेक्षा आता कुतूहल मोठं झालं होतं.

"थांबा. छर्रे उन्हाच्या उलट बाजूला पळतायत! ठोकळ्या, ते गोणपाट लाव, मण्यावर ऊन नको. आणि तुझ्या कपाळावरचा दिवा लाव. नाना, मी आता परत—"

"आधी मागचं भोक कालच्या खुणेवर आण," नाना म्हणाले. "सकाळी तूच ते उजवीकडे सरकवलंस ना? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही."

भोक खुणेवर आलं. ठोकळा सूर्य झाला. तो मण्याच्या उजवीकडे, नळीपासून नीट लांब उभा राहिला, तेव्हा छर्रे डावीकडे गेले. डावीकडे जाऊन उभा राहिला, तेव्हा उजवीकडे गेले. दिवा विझवला, तर ठिपक्यात!

"म्हणजे मी मणी धरतच नव्हते," केतकी हळूच म्हणाली. "त्याची चमकणारी कोर धरत होते. कोरीलाच मणी समजत होते."

"आणि कोर ठिपक्यावर आणलीस, की खऱ्या मण्याचं पोट सरकतं दुसरीकडे. नळी मण्याबरोबर जाते, तुझ्या कोरीबरोबर नाही."

"पण एवढासा मणी! एवढ्याशा चुकीने छर्रा इतका लांब?"

"भोकापासून मणी किती लांब?"

"अर्धा मीटर."

"आणि ठिपका दहा मीटर. वीसपट. मण्यापाशी एक मिलिमीटर चुकलं, तर तिथे वीस मिलिमीटर. उंबऱ्यावरची चूक वेशीपर्यंत वाढत जाते, बाळ."

केतकी खूश होणार, एवढ्यात तिला आठवलं. "पण काल का नाही चुकलं? काल पण ऊन होतंच की!"

"काल मणी काळपट होता," ठोकळा अभिमानाने म्हणाला. "रात्री मी चिंच लावून लख्ख घासला."

"काय?"

"आईंची आज्ञा आहे. पितळ दिसलं की चिंच लावायची. समई, तांब्या, घंटी, मणी."

"अरे ठोकळ्या!" केतकीने कपाळावर हात मारला. "सकाळपासून मी स्वतःला शिव्या घालतेय! श्वास रोख म्हणे!"

नाना इतके हसले की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मग त्यांनी देवघरातून कापूर आणला. मणी तारेसकट काढून, चिमट्यात धरून, पेटत्या कापराच्या धुरात हळूहळू फिरवला. केतकीला धाकट्या भावाचं काजळ आठवलं. आई असंच धरते. बघता बघता पितळ मखमलीसारखं काळं झालं. उजेड त्यावर पडला आणि तिथेच निजला, परतून आलाच नाही.

(काळा, खरबरीत पृष्ठभाग उजेड गिळतो. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग तो परत फेकतो.)

शिर्केबाई आल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. तरन्नुम आणि सोनल कुंपणाला चिकटून उभ्या. केतकीने डोळा लावला. भोकात एक गोल काळा मणी, पुरता, चहूकडून सारखा.

पाच छर्रे सुटले. बाईंनी कागद उतरवून आणला, चष्मा वर केला, खाली केला.

"केतकी, हे एकच मोठं भोक दिसतंय. बाकीचे चार कुठायत?"

"त्याच भोकात, बाई."

कुंपणापाशी आनंदाची एकच आरोळी उठली.

सगळे गेल्यावर केतकी नानांच्या शेजारी टेकली. पश्चिमेला शुक्र दिसू लागला होता.

"तोसुद्धा दुर्बिणीतून कोरीसारखाच दिसतो," नाना म्हणाले. "यानातला कॅमेरा त्याच्याकडे बघून वाट ठरवतो. कोरीलाच शुक्राचा मध्य समजला, तर यान भलतीकडेच जायचं."

"मग? शुक्राला काजळ कोण लावणार?"

"कुणी नाही. तिथे गणिताने हिशेब धरायचा: ऊन कुठनं, कोर केवढी, अंधारातलं पोट कुठे."

"अर्धी भाकरी," केतकी म्हणाली. तिने एक डोळा मिटून त्या चांदणीकडे बघितलं. "नाना, ते गणित मला उद्यापासून शिकवा. पण ओवीत नको हं."

पडवीतून घासण्याचा आवाज आला. केतकी ताडकन उठली.

"ठोकळ्या! ती चिंच आधी खाली ठेव!"